घंटा आमलीत, ऐकणारा हैदराबादेत. धावून येणार कोण?

आमली (सिल्वासा) : विजयपूर, म्हणजे आपलं जुनं विजापूर. २०२५ मध्ये या एका जिल्ह्यात चार महिन्यांच्या आत दोन बँका लुटल्या गेल्या. मे महिन्यात मनगुळीच्या कॅनरा बँकेतून जवळपास ५९ किलो सोनं गेलं. चौथा शनिवार आणि रविवार अशी जोडसुट्टी होती. २६ मेच्या सोमवारी शाखा उघडली तेव्हा चोरी उघडकीला आली. पुढं पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांत त्याच शाखेचा आधीचा व्यवस्थापक होता. सप्टेंबरच्या १६ तारखेला चडचणच्या स्टेट बँकेत तोंडं झाकलेले हत्यारबंद लोक घुसले, कर्मचाऱ्यांना बांधून घातलं आणि सोनं-रोकड घेऊन थेट महाराष्ट्राच्या दिशेनं निघाले. मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीत त्यांच्या गाडीला अपघात झाला, लोक गोळा झाले, तेव्हा ते गाडी टाकून पळाले.

मनगुळीत सुट्टी संपेपर्यंत कुणाला कळलंच नाही. चडचणचे लुटारू राज्याची हद्द ओलांडून गेले आणि अडले ते अपघातामुळं, गावकऱ्यांमुळं. कळणं आणि पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंट्रोल रूमला जोडलेला अलार्म विकणारा माणूस आपल्याला पहिली गोष्ट विकतो. गिऱ्हाईक मात्र दुसरीसुद्धा विकत घेतली अशा समजुतीत दर महिन्याची फी भरत राहतं.

हा फरक आमलीइतका महाग दुसरीकडं क्वचितच पडत असेल. दादरा नगर हवेलीचं क्षेत्रफळ अवघं ४९१ चौरस किलोमीटर. एका अंगाला वलसाड जिल्हा, दुसऱ्या अंगाला पालघर. आमलीच्या औद्योगिक वसाहतीतून निघालेला टेम्पो थोड्या वेळात वापीला, म्हणजे गुजरात पोलिसांच्या हद्दीत असतो. नरोलीवरून भिलाडला महामार्ग गाठला आणि दक्षिणेकडं वळला की तलासरी, म्हणजे पालघर पोलीस. मधे केंद्रशासित प्रदेशाचे स्वतःचे पोलीस, ज्यांचा कारभार २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसोबत एक झाला. तीन पोलीस दलं, तीन नियंत्रण कक्ष. वापीचा चणोद भाग सिल्वासाच्या रस्त्यावरच आहे. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या एका सोनेतारण कंपनीच्या शाखेवर सशस्त्र दरोडा पडून कोट्यवधींचं सोनं गेलं होतं. धोका लांबचा नाही हे इथल्या व्यापाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच शटर सेन्सर आणि ‘चोवीस तास कंट्रोल रूम’ची पत्रकं इथं खपतात.

नेमकं काय विकत घेतो आपण?

साधा अलार्म म्हणजे भोंगा, ज्याला सगळे हूटर म्हणतात. शटर उचकटलं की तो बोंबलतो, शेजारी जागे झाले तर झाले. त्याच्या पुढची पायरी म्हणजे भोंग्यासोबत मालकाच्या मोबाईलवर मेसेज किंवा आपोआप फोन. मॉनिटरिंगवाली यंत्रणा ही तिसरी पायरी. दारा-शटरवरचा चुंबकी सेन्सर, खोलीतली हालचाल टिपणारा सेन्सर, तिजोरीवरचा कंपन ओळखणारा सेन्सर, काउंटरखालचं पॅनिक बटण, हे सगळं भिंतीवरच्या एका पॅनेलला जोडलेलं असतं. पॅनेल इंटरनेटवरून किंवा आतल्या सिमकार्डावरून कंपनीच्या केंद्राला संदेश पाठवतं. तिथं पाळीवर बसलेला मुलगा किंवा मुलगी स्क्रीनवर ‘अमुक दुकान, मागचं दार’ असं बघते, जमल्यास कॅमेऱ्यातून डोकावते, तुम्ही दिलेल्या नंबरांवर फोन लावते आणि खात्री पटली तर पोलिसांना कळवते.

बँकांच्या एटीएममुळं हा धंदा आपल्याकडं वाढला. प्रत्येक एटीएमला तीन पाळ्यांचे रखवालदार ठेवणं परवडेना, म्हणून शेकडो एटीएमवर एका हॉलमधून नजर ठेवायची पद्धत आली. रिझर्व्ह बँकेनंही १४ जून २०१९ च्या परिपत्रकात वेळेवर इशारा आणि चटकन प्रतिसाद मिळावा म्हणून अशा इलेक्ट्रॉनिक देखरेखीचा विचार करायला बँकांना सांगितलं. आता तीच सोय सोनाराच्या पेढीला, औषधाच्या होलसेल दुकानाला, कारखान्याला आणि बंगल्याला विकली जाते आहे.

यातला प्रत्येक दुवा तुटू शकतो, आणि तो बहुधा फार साध्या कारणानं तुटतो. पॅनेलमधल्या प्रीपेड सिमचा रिचार्ज संपतो. तो कुणी करायचा हे कराराच्या वेळी बोललेलंच नसतं. जुन्या पॅनेलचं मोडेम फक्त टू-जीवर चालतं आणि दुकानदार त्यात जिओचं सिम घालतो. जिओला टू-जी नाहीच, त्यामुळं पॅनेल मुकं. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडणारा हा भाग, वीज जाते, राउटर बंद पडतो आणि बॅटरी चार वर्षांची जुनी असते. चांगलं केंद्र असेल तर पॅनेलकडून ठरलेल्या वेळानं ‘मी जिवंत आहे’ असा संदेश घेत राहतं आणि तो आला नाही की स्वतःहून फोन करतं. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: माझं पॅनेल गप्प झालं तर तुम्हाला किती वेळात कळेल? उत्तर देताना तो चाचरला तर पुढचं पत्रक वाचायची गरज नाही.

कॅमेऱ्यावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नाटकातल्याच दावणगेरे जिल्ह्यात न्यामतीच्या स्टेट बँकेतून १७ किलोहून जास्त सोनं चोरीला गेलं. चोरांनी जाताना चित्रण साठवणारा डीव्हीआरच उचलून नेला. पोलिसांनी महिनोन्‌महिने माग काढला, आणि २०२५ मध्ये ते सोनं सापडलं तमिळनाडूत, मदुराईच्या बाजूला, एका विहिरीत. कॅमेरा लावलेला होता, पण चित्रण त्याच खोलीत होतं.

एकशे बाराचा घोळ

आता मूळ मुद्दा. केंद्रात बसलेल्या मुलीची खात्री पटली की आमलीतल्या गाळ्यात माणूस शिरलाय. रात्रीचे अडीच. ती पोलिसांना फोन लावणार. कुठला नंबर?

तिचं केंद्र समजा हैदराबादला आहे. तिनं तिथून ११२ फिरवला तर तेलंगणाचं नियंत्रण केंद्र उचलणार, कारण ११२ हा नंबर देशभर एकच असला तरी फोन जिथून लागतो तिथल्या राज्याच्या केंद्रात उतरतो. केंद्र मुंबईत असेल तर महाराष्ट्राचं. मग तिकडच्या माणसाला ‘दादरा नगर हवेली’ समजावून सांगायचं, ते गुजरातेत नाही आणि दमणलाही नाही हे पटवायचं, पत्ता ‘आमली, फाटकाजवळ’ असा अर्धवट. गाळ्यातला चोर तोवर गप्प बसून राहत नाही. स्वतः मालक बाहेरगावी असला तरी हीच गत. सिल्वासा-आमलीच्या कितीतरी युनिटांचे मालक मुंबईत, सुरतेत, वापीत राहतात. ॲपवर मेसेज वाजला म्हणून बोरिवलीतून ११२ लावला तर तो बोरिवलीच्याच कामाचा.

दूरसंचाराच्या नकाशावर आपण गुजरात सर्कलमध्ये मोडतो. सिल्वासाचा एसटीडी कोड ०२६० आणि वापीचाही ०२६०. पोलिसांच्या नकाशावर मात्र आपण वेगळे. सीमेवरच्या पाड्यांमध्ये मोबाईल कधी अलीकडचा टॉवर धरतो, कधी पलीकडचा, हे तिथल्या माणसाला रोजचं आहे. त्यामुळं अलार्म केंद्राच्या स्क्रीनवर तुमच्या नावासमोर सिल्वासा पोलीस ठाण्याचा सरळ, पूर्ण आकडी नंबर लिहिलेला आहे का, हे स्वतः बघून घेणं भाग आहे. सोबत प्रदेशाच्या पोलीस नियंत्रण कक्षाचाही. आणि दर सहा महिन्यांनी तो नंबर लागतो का हे कुणी तपासतं का, तेही.

भाषेचाही प्रश्न आहेच. केंद्रातून पडताळणीचा फोन जातो तो बहुतेकदा रखवालदाराला. आमलीतला रखवालदार बिहारचा असेल, ओडिशाचा असेल, नाहीतर खानवेलकडचा वारली. फोनवरची मुलगी इंग्रजीमिश्रित हिंदीत ‘पासवर्ड बताइए’ म्हणते. झोपेतून उठलेल्या माणसानं पासवर्ड चुकवला तर नियमाप्रमाणं तो घुसखोर. आणि भीतीपोटी ‘सब ठीक है’ म्हणाला तर अलार्म बंद. चांगल्या यंत्रणेत दोन शब्द ठरवलेले असतात. एक नेहमीचा. दुसरा असा, की कुणी गळ्यावर सुरी धरून ‘ठीक आहे म्हण’ म्हटलं तर तो उच्चारायचा. चोराला ते साधं उत्तर वाटतं, केंद्राला मात्र संकट कळतं. हे दोन शब्द मराठीत, गुजरातीत, हिंदीत, वारलीत, जे तोंडात बसलेलं आहे त्या भाषेत ठेवता येतात. कंपनी नाही म्हणत नाही. विचारावं लागतं.

पालीचा अलार्म

पोलिसांची बाजूही ऐकायला हवी. जगभर अलार्मचे बहुतेक कॉल खोटे निघतात. ब्रिटनमध्ये यावर सरळ नियम आहे: नोंदणी केलेल्या यंत्रणेला पोलीस एक क्रमांक देतात, आणि बारा महिन्यांत तीन खोटे कॉल झाले तर पोलिसांचा प्रतिसाद काढून घेतला जातो. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीनं २००० सालीच ठरवलं की कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन खात्री केल्याशिवाय नुसत्या अलार्मवर पोलीस गाडी पाठवायची नाही.

आपल्याकडं असा नियम नाही, पण न लिहिलेला नियम आपोआप तयार होतो. हालचाल टिपणाऱ्या सेन्सरच्या काचेवर पाल फिरली, गोदामात मांजर शिरलं, वाऱ्यानं शटर खडखडलं, सकाळी सफाईवाल्यानं कोड न टाकता दार उघडलं. दोन-चारदा ठाण्यातला हवालदार येऊन हात हलवत परत गेला की पाचव्या वेळी तो चहा संपवून निघतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सेन्सर कुठं लावायचा, उंची किती, पंख्याचा वारा आणि दिव्याची उष्णता टाळायची कशी, हे बसवणाऱ्या मिस्त्रीचं कौशल्य आहे, आणि आपण मिस्त्री निवडतो तो सगळ्यात स्वस्त. एका जागी दोन सेन्सर ठेवून दोन्ही वाजले तरच पोलिसांना कळवायचं, ही पद्धत खर्चिक वाटते, पण ठाण्यातली आपली पत त्यानं टिकते.

पोलीस उशिरा येतील म्हणून काही कंपन्या ‘आमचा माणूस येईल’ असं आश्वासन देतात. इथं कायदा पाहावा. खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा २००५ नुसार परवाना राज्यवार मिळतो; अर्ज एका जिल्ह्यासाठी, पाच जिल्ह्यांपर्यंत किंवा पूर्ण राज्यासाठी करायचा असतो आणि पूर्ण राज्यासाठी फी २५ हजार रुपये आहे. गुजरातचा परवाना असलेल्या वापीच्या एजन्सीचा गार्ड मोटारसायकलवरून वीस मिनिटांत आमलीत पोचेल, पण इथं काम करायला एजन्सीकडं या प्रदेशाचा परवाना हवा. पालघरच्या एजन्सीचंही तेच. या कायद्याच्या व्याख्येत माणसाचं आणि मालमत्तेचं रक्षण आहे, चिलखती गाडीची सेवासुद्धा आहे. लांबच्या हॉलमध्ये बसून अलार्म पाहणाऱ्या केंद्राचं वेगळं नाव नाही. माझ्या मते कायद्यातली ही फट आहे. पहारेकऱ्याची पार्श्वभूमी तपासायची आणि त्याला प्रशिक्षण द्यायचं बंधन आहे, पण तुमच्या घराचे कॅमेरे, कोड आणि सुट्टीवर जायच्या तारखा ज्याच्या स्क्रीनवर आहेत त्याच्याबद्दल कायदा स्पष्ट बोलत नाही.

किल्ली आतल्याकडं असेल तर

मनगुळीच्या प्रकरणाकडं परत यायचं कारण हे. आमलीच्या कारखानदारांशी कधीही बोला, बाहेरच्या चोरापेक्षा भीती आतल्या हाताची जास्त: सुताचे कोन, तांब्याची वायर, प्लास्टिकचा दाणा, जे भंगारात सहज खपतं ते. अलार्मचा कोड सुपरवायझरला माहीत, स्टोअरकीपरला माहीत, दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मॅनेजरलाही माहीत. माणूस गेला की कोड त्याच दिवशी बदलला पाहिजे, आणि प्रत्येकाचा कोड वेगळा असला पाहिजे. एकाच कोडवर चाललेली यंत्रणा म्हणजे देवळाच्या उंबऱ्याखाली ठेवलेली किल्ली. मॉनिटरिंगचा खरा फायदा मला इथंच दिसतो. कुणी कोणत्या वेळी उघडलं, कुणी बंद केलं याची नोंद कंपनीकडं राहते; रविवारी रात्री अकराला बरोबर कोड टाकून कुणी दार उघडलं तर भोंगा वाजणार नाही, पण वेळ ठरलेली असेल तर केंद्रातून मालकाला फोन जाऊ शकतो. ही सोय बहुतेक पॅनेलमध्ये असते. ती चालू करून घ्यायचं मात्र कुणाला सुचत नाही.

विम्याचं कलमही इथंच चावतं. घरफोडीच्या पॉलिसीत साधारणपणे बळजबरीनं, मोडतोड करून आत शिरल्याचं दिसावं लागतं. हरचंद राय चंदन लाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये हीच व्याख्या शब्दशः धरली आणि दावा विमा कंपनीच्या बाजूनं गेला. बनावट किल्लीनं, बरोबर कोडनं झालेली चोरी पोलिसांच्या लेखी चोरीच असते, विम्याच्या लेखी कदाचित नसते. अलार्म बसवला म्हणून हप्त्यात सवलत घेतली असेल तर तो चोरीच्या रात्री चालू होता हे दाखवायची जबाबदारीही येऊ शकते. पॉलिसीचं ते पान शांतपणे वाचावं.

पुराव्याचं असं, की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. चित्रण आणि नोंदी दुसऱ्या राज्यातल्या केंद्राच्या सर्व्हरवर असतील तर ते प्रमाणपत्र कोण देणार, किती दिवसांत देणार, हे करारात असावं. तक्रारीची अडचण मात्र कमी झालीय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळं हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवता येते. मालक वसईत असेल तर त्याला एफआयआरसाठी आधी आमली गाठायची सक्ती नाही.

घरांचं काय? इथल्या सोसायट्यांमध्ये राहणारी मराठी कुटुंबं मे महिन्यात आणि गणपतीत गावी जातात, आणि नेमकी तेव्हाच घरं बंद असतात. त्यांना मासिक फीचं केंद्र घ्यावंच असं मला वाटत नाही. दोन नमुने डोळ्यांसमोर आहेत. आंध्र प्रदेश पोलिसांनी बंद घरांसाठी योजना चालवली: ॲपवर कळवलं की पोलीस घरात हालचाल टिपणारा कॅमेरा मोफत लावून जातात आणि त्याचा इशारा सरळ पोलीस नियंत्रण कक्षात वाजतो. मधे कुणी दलाल नाही, हद्दीचा गोंधळ नाही. दुसरा नमुना आपल्या महाराष्ट्राचा, ग्रामसुरक्षा यंत्रणा. नाशिक, पुणे, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांत गावकऱ्यांचे मोबाईल नंबर नोंदवलेले असतात. संकटात सापडलेल्यानं एका टोल फ्री नंबरवर बोललं की त्याच्याच आवाजातला निरोप एकाच वेळी सगळ्या गावाला फोनवर ऐकू जातो. हुलजंतीत जे योगायोगानं घडलं ते इथं ठरवून घडवलेलं आहे. सगळ्यात जवळचा माणूस सगळ्यात आधी पोचतो.

दादरा नगर हवेलीच्या पोलिसांना या दोन्हींपैकी एक करणं अवघड नाही. प्रदेश छोटा आहे. निदान एवढं तरी व्हावं: अलार्म केंद्रांसाठी एकच पूर्ण आकडी नंबर, इथं सेवा देणाऱ्या कंपन्यांची ठाण्यात नोंद, आणि वलसाड व पालघरच्या नियंत्रण कक्षांशी थेट जोडणी, म्हणजे टेम्पो नरोलीच्या पुढं गेल्यावर पत्रव्यवहार करत बसावं लागणार नाही.

तोवर ज्यांनी यंत्रणा घेतली आहे त्यांनी एक करावं. दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीच्या शनिवारी, ठाण्यात आणि शेजाऱ्यांना आधी सांगून, रात्री दहानंतर स्वतः शटर उघडून अलार्म वाजवावा आणि घड्याळ लावावं. केंद्राचा फोन किती मिनिटांत आला, तो कुणाला आला, त्यांनी पोलिसांचा कोणता नंबर वाचून दाखवला, हे वहीत लिहावं. मग राउटर बंद करून पुन्हा तेच. करार वाढवायचा की नाही हे ठरवायला तो कागद पुरेल.